सातचा पाय

टाकी उतरवली तेव्हा मूळ रंग दिसला,
मरून, नखाएवढा पट्टा,
टाकीच्या पोटातल्या बोगद्यात,
जिथे ना ऊन पोचलं ना ब्रश.
बाकी सगळीकडे वर काळा, काळ्याखाली होडीचा हिरवा.
कुणीतरी ट्रॉलर रंगवून उरलेला डबा
जावावर रिकामा केला होता.

पुण्याचे सबनीस बजावून गेले होते,
"सगळं ओरिजिनल हवं. आधी खात्री करा, मग हात लावा."
मी मान हलवली.
देवगडात लोखंड ओरिजिनल राहतं
ते पहिल्या दिवाळीपर्यंत.

आठ दिवस नुसती सोडवत होते.
नट डिझेलात, तारा रद्दीवर,
कार्ब्युरेटरचं पितळ आमसुलाच्या पाण्यात रात्रभर,
देवळातल्या समया ठेवतात तसं.
सकाळी जेटचं भोक उजळलं,
त्यातून समोरचा माड दिसला, सुईएवढा.

मग नंबर.
फ्रेमच्या मानेवर काथ्या घासला, खडूची भुकटी चोळली,
बॅटरी आडवी धरली.
कंपनीचा ठसा. आकडे सरळ रांगेत,
शाळेतल्या कवायतीसारखे.
इंजिनावर तोच नंबर, आकड्याला आकडा.
सबनीसांना फोन लावणार होते.

पण नऊ.
नऊच्या शेपटीला सहाची सवय होती.
पंचांच्या संचात नऊच पंच येतात,
सहा उलटा धरला की झाला नऊ,
त्यात काही नाही, सगळेच करतात.
मग सात.
सातचा पाय टाचेपाशी तुटका.

उठले. हात पुसले.
खिडकीखालचा खोका ओढला,
ग्रीसमध्ये झोपलेला सात काढला,
शिशाच्या पट्टीवर उभा धरून
हातोडी मारली, एकदाच.
तोच लंगडा.

बाबा.

कानशीने जागा सपाट केलेली,
वर काजळी चोळून जुनी केलेली.
किती सफाईनं.
गिऱ्हाइकाचे उरलेले आठ आणे द्यायला
आनंदवाडीपर्यंत चालत जाणारा माणूस.

कासम सोलकरांचा नसीर जाळं शिवत होता.
"हां, शांबामामान केल्यान," मान वर न करता म्हणाला.
"गाडी बर्फासकट जेटीवरना पडली, इंजिन गेला.
कणकवलेक भंगारात दुसरा गावला.
पण कागद कोण बदलून देतलो?"
दोरा दातानं तोडला.
"पैसे घेऊक नाय. सुरमय घेतल्यान. अर्धी."

ती सुरमई मी खाल्ली असणार.
आठवत नाही.
तेव्हा कुणी काटे काढून दिल्याशिवाय
मी जेवत नसे.

सबनीस फोनवर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "नवा ठसा मारा ना, स्वच्छ, कंपनीसारखा.
पंच आहेतच की तुमच्याकडे."
"आहेत," मी म्हटलं.
आणि अहवाल लिहायला बसले.

फ्रेम मूळ.
पुढचं चाक मूळ, मागची रिम बदललेली.
रंग मरून, पुरावा टाकीखाली.
इंजिन दुसऱ्या गाडीचं. त्याचा स्वतःचा नंबर
कानशीत गेला, कुणाचं ते आता कळणार नाही.
दिसतो तो नंबर हाताने मारलेला,
शांबा मेस्त्री, देवगड.
पडताळणी: प्रमिला शांबा मेस्त्री.
नातं: मुलगी.

हा शेवटचा रकाना फॉर्मात नव्हता.
मी पट्टीने आखला.

उत्तर अजून नाही.
गाडी तिसऱ्या किकला सुरू होते,
धुरानं शेजारच्या कोंबड्या पांगतात.
पावसाआधी न्या, असं कळवलंय.
तोवर रोज संध्याकाळी, वारा फिरला की,
चिंधीनं सगळीकडे तेल पुसते,
फ्रेमला, तारांना, इंजिनाला.
नंबरावरून चिंधी सरळ जाते,
सातापाशी
तिचा एक धागा अडकतो.