डाख

चंद्र दिसायच्या आठवडाभर आधी
दस्तगीर मुजावर कोल्हापूरहून हुपरीला येतो.
हिरव्या फडक्यात पंजा, मांडीवर.
एसटीत पिशव्यांच्या फळीवर ठेवत नाही कधी.

"करंगळी हालतीय."
दरसाल तीच. दुधाच्या दातासारखी.

रिठ्याच्या पाण्यात खाईची काजळी सुटते.
त्यावरची अक्षरं मला वाचता येत नाहीत,
म्हणून तिथं ब्रश आणखी हळू.

तळव्यात एक ओबडधोबड गाठ,
आमच्या आज्ज्यानं घातलेला डाख.
घासून सपाट करू का, विचारलं एकदा.
"नको. लोक तिथंच ओठ टेकतात."

फुंकणी ठेवतो.
करंगळी बसली. निवतीय.
चहा येईस्तोवर
मी माझ्या डाखाकडं बघत राहतो:
गुळगुळीत, चकचकीत,
अजून कुणाचाच नाही.