हरकत

नोटीस छापून आली गुरुवारी,
चौथ्या पानावर, खाली, वधू-वर सूचकच्या शेजारी:
जुळे सोलापूर, प्लॉट सतरा, तळमजला अधिक एक,
कोणाचा हक्क, बोजा, गहाण, दावा असल्यास
चौदा दिवसांत कळवावे,
न कळवल्यास तो सोडून दिला असे समजू.

माझं घर असं बारीक टाइपात
पहिल्यांदाच वाचलं मी.
चष्मा पुसून परत वाचलं.

तेराव्या दिवशी हरकत आली.
शरणप्पा हत्तुरे, बांधकाम ठेकेदार,
येणे बाकी एक लाख बेचाळीस हजार,
सोबत वहीच्या पानाची झेरॉक्स
आणि त्यावर ह्यांची सही,
जाऊन चार वर्षं झालेल्या माणसाची,
अजून तिरकी, अजून घाईतली.

वकीलबाई म्हणाल्या, मुदत कधीच टळलीय,
कोर्टात उभा राहणार नाही हा दावा.
पण कोंडा कर्ज काढून घेतायत,
आणि बँक भुताच्या हरकतीलाही घाबरते.
भांडा, नाही तर बोलवा.

मी बोलावलं.

भांडण एका पायरीचं होतं.
वर जाणाऱ्या जिन्याची अकरावी,
बाकीच्यांपेक्षा दीड इंच उंच.
हे म्हणायचे, फोडून नीट कर, मग ने पैसे.
तो म्हणायचा, स्लॅब मधेच कुणी वर घ्यायला लावला
ते तुमच्या इंजिनिअर मेहुण्याला विचारा.
(मेहुणा म्हणजे माझा भाऊ.
मी दोघांनाही चहा द्यायचे आणि आत जायचे.)
मग तो यायचा थांबला. पायरी राहिली.
पाचव्या दिवशी पाणी यायचं, रात्री दोनला,
वरचं पिंप भरायला धावताना
तिनं माझ्या दोन कळशा घेतल्या आणि एक नख.

तो आला मे महिन्यात, दुपारी चारला,
गुडघ्याला पट्टा, डोक्याला ओला टॉवेल.
चहा नको म्हणाला. पाणी प्यायला,
आणि तांब्याकडे बघत विचारलं,
"हौद गळत नाही न्हवं?"
नाही, म्हटलं.
"तीन हात गिलावा मारलाय त्येला," म्हणाला
आणि पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

मग म्हणाला, वर बघू का एकदा.
कठडा न धरता भिंतीला हात लावत निघाला,
एकेक पायरी, दुखरा पाय मागून ओढत,
मी त्याच्या मागे.
दहा पायऱ्या तशाच.
अकरावीला त्यानं पाय जास्त उचलला,
खाली न बघता,
आपल्याच घराच्या ठेंगण्या दारात
माणूस मान लववतो तसा.

वर जाऊन वळला. मी बघितलंय हे त्याला कळलं.
बराच वेळ पिंपाकडे बघत राहिला.
"सेंट्रिंगची पोरं आठवड्याला पैसे मागत्यात, वहिनी.
बायकोच्या पाटल्या मोडून दिलते.
पोरं काय पायरी बघून थांबत्यात का?"

आकडा ठरायला दहा मिनिटं लागली.
व्याज त्यानं काढलं नाही,
पायरी मी काढली नाही.
स्टँपपेपरवर लिहिलं: भरून पावलो, हरकत मागे.
सही त्यानं कानडीत केली, हळू, गोल गोल,
वकीलबाईंनी शेजारी अंगठाही घेतला.
जाताना शाई भिंतीला न लागू देता
हात वर धरून गेला.

रविवारी कोंडांच्या बाई पडद्यांची मापं घ्यायला आल्या.
खरेदीखताचा कच्चा मसुदा माझ्या मांडीवर:
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस प्लॉट सोळा,
दक्षिणेस, उत्तरेस, सगळं लिहिलेलं.
त्यांची धाकटी जिन्याकडे पळाली.
मी खालूनच ओरडले, "अकरावी! जपून!"
ती थांबली.
मोजत खाली आली, मोजत वर गेली,
आणि अकरावीवर
मुद्दाम दोन्ही पायांनी उडी मारली.