उजव्या बाजूची खिडकी

ताश्कंद ते सोल :
पाच हजार किलोमीटरला थोडे कमी,
जायला साडेसहा तास, यायला साडेसात, कधी आठ.
दिवसातून वीसदा सांगते मी हे,
कुयल्युक बाजारामागच्या अडीच खुर्च्यांच्या दुकानात.
येताना जास्त का? सगळेच विचारतात.
वारा, मी म्हणते. जाताना पाठीशी, येताना तोंडावर.
आन्सानच्या कारखान्यांकडे निघालेली पोरं हसतात,
येतंय कोण एवढ्यात, म्हणतात.

त्रोफीम हेगाय हसले नाहीत.
वय सत्त्याऐंशी, काखेत टोपी.
"साडेसहा तास," ते पुटपुटले,
जणू मी भाव सांगितला होता
आणि तो संशय यावा इतका स्वस्त होता.
"आईला तेहतीस दिवस लागले.
समुद्राकाठून गवताळ माळापर्यंत, गुरांच्या डब्यात,
सदतीस साली.
तिकीट काही पडलं नाही."

जन्मस्थळ? मी विचारलं.
"पासपोर्टात उश्तोबे आहे."
मग तेच लिहिते.
"लिहा. खरं नाही ते.
उश्तोबे दुसऱ्या सकाळी आलं.
मी झालो तेव्हा गाडी पाण्यासाठी थांबली होती :
एक हौद, एक कंदील,
बाकी नुसतं गवत.
नाव तिनं विचारलं, कुणाला माहीत नव्हतं."

विमान तिथून जातं का?
पडद्यावरची निळी रेघ मी बोटानं धरली.
जवळून जातं. तुमची जागा थोडी उत्तरेला राहील.
"दिसेल?"
रात्री दहा वीसला सुटतं. तिकडचं घड्याळ चार तास पुढे,
उतराल तेव्हा लखलखीत सकाळ.
"म्हणजे माळावर अंधार."
अंधारच.
बाहेर कुणी कलिंगडं उतरवत होतं,
एक फुटलं, शिवी आली, शांतता झाली.

"आणि येताना?"
येताना दिवसा. सूर्याच्या मागे मागे.
"मग येतानाचं द्या."
गेल्याशिवाय येता येत नाही, त्रोफीम अलेक्सेयेविच.
"बरं, मग जातानाचंही द्या. झोपेन मी."
सोलला कोण आहे तुमचं?
त्यांनी खरंच आठवून पाहिलं.
"कुणी नाही. बसेन कुठेतरी."

पैसे उशीच्या अभ्र्यात होते,
नोटांना सुनेच्या दुकानातल्या गाजराचा, व्हिनेगरचा वास.
ते मोजत होते तोवर मी खुर्ची फिरवून
तोंड पश्चिमेला केलं, हात वर केले :
उत्तर उजवीकडे. पुन्हा केलं, पुन्हा उजवीकडे.
चौतीस के, पंखाच्या मागे, खिडकी.
दारातलं गिऱ्हाईक बघतच राहिलं.

अकरा दिवसांनी टेबलावर गाजराची बरणी आली,
मागून ते.
दिसलं?
"ढग."
सगळा वेळ?
"एकदा फट पडली, चमच्याएवढी.
खाली काहीतरी पिवळं होतं."
तेच असेल, मी म्हणाले.
"कशावरून?" ते म्हणाले. "पिवळं काय, कुठेही असतं."

मग अडीचातली अर्धी खुर्ची ओढून बसले,
टोपी गुडघ्यावर ठेवली,
बराच वेळ बरणीचं झाकण फिरवत राहिले.
"वाऱ्याचं मात्र तुम्ही खरं सांगितलंत.
येताना जास्त लागतो वेळ.
बरं झालं."