सात नंबर

गाडी विकून सव्वा वर्ष झालं.
दुसरी किल्ली देव्हाऱ्याच्या खणात राहून गेली;
घेणाऱ्यानं मागितली नाही,
आम्हीही आठवण केली नाही.

रात्री साडेदहाला हे अजून पायजम्यावर खाली जातात.
"हँडब्रेक ओढलाय का बघून येतो."
दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात त्यांना आठवतं.
तरी जातात. सात नंबरात जरा उभे राहून येतात.

सात नंबर म्हणजे आठ फूट बाय सोळा,
खांबाला घासलेला आमचा लाल रंग,
ऑइलचा डाग, पपईच्या फोडीएवढा.
ह्या जागेपायी डिमेलोंशी अकरा वर्षं अबोला.
त्यांच्या पाहुण्याची गाडी एकदा इथं उभी राहिली,
ह्यांनी चाकातली हवा सोडली;
मग नोटीस, मग विशेष सर्वसाधारण सभा,
चहा गार, भाषा गरम.
आता डिमेलोंकडेही गाडी नाही.
परवा लिफ्टमध्ये म्हणाले,
"आमचा आठ नंबर हवा तर घ्या, कुंड्या ठेवायला."
एवढं जपलेलं भांडण
असं फुकटात संपलं, की हात रिकामे वाटतात.

चंद्रेश पहाटे पाचला यायचा,
दोन बादल्या, एकवीस गाड्या.
आता देवनारच्या डेपोत असतो,
रात्री त्या बिनचालक गाड्या जिथं ओळीनं झोपतात.
धुवायला यंत्र आहे. ह्यानं फक्त आत बघायचं
काय राहिलंय: छत्र्या, डबे, एकदा कवळी.
"आधी काच पुसताना घर कळायचं, काकू.
आता कुणाचं काय, काही कळत नाही."

मी बसते तिच्यात. खोटं कशाला, बरी असते.
अमर महलच्या चौकात कुणाची आईबहीण काढत नाही,
"तुला पत्ता नीट सांगता येत नाही" म्हणत नाही.
सव्वीस वर्षं मी डाव्या सीटवर बसून
नसलेला ब्रेक दाबत आले.
आता कुणाच्याच पायाखाली ब्रेक नाही.
झाली बरोबरी.

फक्त सीट कधीकधी कोमट असते.
कुणीतरी आत्ताच उठून गेलेलं,
लसणीच्या चटणीचा वास,
खाचेत कानातल्याची फिरकी.
आमच्या गाडीत आमचाच वास होता,
मुलीच्या ओकारीचासुद्धा, आंबेनळी घाटातल्या,
जो आठ वर्षं गेला नाही.

दसऱ्याला मी सवयीनं दोन हार आणले.
एक दाराला. दुसऱ्याचं काय?
हे म्हणाले, मिक्सरला घाल.
मी खाली जाऊन गाडी बोलावली.
जायचं कुठंच नव्हतं, स्टेशन टाकलं.
ती आली, सात नंबरात शिरली
खांबाला न घासता.
(ह्यांनी तेव्हा दुसरीकडे पाहिलं.)
थांबायची मुदत तीन मिनिटं.
हळद, कुंकू, हार, बॉनेटवर घाईचं स्वस्तिक.
चाकाखाली लिंबू ठेवलं
तर ती हलेचना.
म्हणाली, "मार्गात अडथळा आहे."
हे गुडघा धरून वाकले, लिंबू काढलं.
वर गॅलरीत डिमेलो हसू दाबत होते,
मग दाबेनासे झाले.
फेरी रद्द केली, चाळीस रुपये कापले.
दक्षिणा म्हणायची.
हार घालून ती घाटल्याकडे वळली,
पुढच्या माणसाला आणायला.

त्याच आठवड्यात बँकेत जायला जी आली
तिच्या बॉनेटवर स्वस्तिक होतं, सुकलेलं.
माझं नव्हे. माझं डावीकडे झुकतं.
हे पट्टीनं आखल्यासारखं, कुण्या टापटिपीच्या बाईचं,
किंवा बाप्याचं.
मी आत बसले. सीट कोमट होती.

ते लिंबू अजून फ्रिजच्या दारात आहे.
चिरावं की नाही, ठरत नाही.