शंभर बैसा

कॅरव्हान आम्ही घेतली एका डच इंजिनियरकडून,
तो सोहार कायमचं सोडून निघाला तेव्हा.
आतल्या कपाटाला अजून त्याच्या पाइपचा वास,
खालच्या बर्थची खिटी बसत नाही,
तिथे ईराने भूगोलाचं पुस्तक खोचलंय.

भाऊकाका व्हिजिट व्हिसावर आलेले, तीस दिवस.
चिखलदऱ्याला वनरक्षक होते, छत्तीस वर्षं.
त्यांचं वाळवंट बघून झालं दोनच दिवसांत.
"झाड कुठंय?" म्हणाले.
"बाराशे किलोमीटरवर," श्रीरंग म्हणाला,
आणि आम्ही निघालो.

आदमनंतर रस्ता म्हणजे पट्टीने ओढलेली रेघ
आणि मागे डुगडुगणारं आमचं पांढरं खोकं.
हैमाच्या पेट्रोल पंपावर सत्तेचाळीस,
पोळ्यांचा डबा हाताला चटका देई.
तिथे मी नियम केला, गाडी मी चालवत होते म्हणून:
पुढे जे काही दिसेल त्याला
कुणी "अगदी आपल्याकडच्यासारखं" म्हणायचं नाही.
म्हणेल त्याला दंड, शंभर बैसा,
कॉफीच्या रिकाम्या डब्यात.
जे दिसतंय ते आधी तेच असू दे.

थुमरैत मागे पडलं
आणि घाटाच्या एका वळणावर काचेवर पांढरं आलं.
मला वाटलं इंजिन तापलं.
वायपर फिरला तर पलीकडे डोंगर, हिरवा,
इतका की निहारने विचारलं, "हे रंगवलंय का?"
त्याचा जन्म सोहारचा. हिरवं म्हणजे त्याला
चौकातलं, ठिबकच्या नळीला बांधलेलं.
श्रीरंगने तोंड उघडलं,
माझ्याकडे पाहिलं, मिटलं.
तरी वादी दरबातला पोचेपर्यंत
त्याचे तीनशे गेले होते.

रात्रभर पत्र्यावर भुरभुर,
पाऊस म्हणावा तर आवाज नाही.
पहाटे खिडकीत एक उंटीण,
पापण्यांवर थेंब, तोंडात आमचा टॉवेल.
पडद्याच्या फटीतून ती आम्हाला बघत होती
घरमालकिणीने भाडेकरूंना बघावं तशी.

तिसऱ्या दिवशी मिरबातच्या वरच्या अंगाला, हिन्नाच्या ओढ्याशी,
भाऊकाका चालता चालता थांबले.
पोट सुटलेलं, करड्या कातडीचं,
कुणी रांजण उलटा पुरून त्याला फांद्या लावाव्यात
असलं झाड.
काकांनी चपला काढल्या.
"गोरखचिंच," एवढंच म्हणाले.

ईरा डबा घेऊन धावली.
निहार म्हणाला, नाव घेणं म्हणजे सारखं म्हणणं नव्हे.
वाद झाला. श्रीरंग पंच होईना,
तो तोवर सातशेवर पोचला होता.
काका म्हणाले, "आधी मोजू."
खात्यात असंच मोजायचे ते, टेप नसला की, कवेने.
आम्ही पाचजण, सालीला गाल लावून, बोटांना बोटं,
आणि शेवटी माझा डावा हात नि काकांचा उजवा
यांच्यामध्ये हातभर उघडी साल.

गाई वळणारा एक मुलगा कधीचा बघत होता, मुसल्लम.
पुढे आला नाही. नुसती काठी लांबवली.
एक टोक माझ्या मुठीत, एक काकांच्या.
"कव पाच, वर एक काठी,"
आणि काकांनी खिशातल्या वहीत लिहिलं,
तारीख, ठिकाण, झाडाची प्रकृती उत्तम.
मग मुसल्लमला मराठीत विचारलं, ही चिंच गाई खातात का?
तो त्याच्या जिबालीत काहीतरी बोलला.
दोघांचं बराच वेळ पटत होतं.

परतीला हैमाला पुन्हा सत्तेचाळीस.
डब्यात निघाला एक रियाल चारशे.
सगळ्याचं आइस्क्रीम झालं,
हातात घेईपर्यंत निम्मं सांडलं.

पुढच्या जुलैत, चिखलदऱ्याला,
पंचबोलच्या कठड्यापाशी दरी गायब होती.
निहार कठड्याला पोट टेकून बघत राहिला
आणि ओरडला, "अगदी सलालासारखं!"

भाऊकाकांनी न बोलता तळहात पुढे केला.

मी पर्स चाचपली.
सगळे रुपयेच निघाले.