अकरावा भाग

गानिम उस्तादांची पहिली मालिका तेरा भागांची.
आता बारा आहेत.

मी टेप-लायब्ररीत होतो, श्रीवर्धनहून नुकताच आलेला.
अरबी वाचता यायची, कळायची नाही.
वरून चिठ्ठी आली : टेपा कमी पडताहेत, संध्याकाळी फुटबॉल आहे.
हाताला लागली ती काढून दिली. लेबल वाचलं होतं मी, मोठ्यानं.
सामन्यात गोल एकही झाला नाही.

उस्तादांनी पुढे चाळीस रमजान गाजवले.
सवती, वारसाहक्क, मोत्यांचे व्यापारी;
इफ्तार उरकून अख्खं कुवेत त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसायचं.
निर्माते झाले, कर्जात बुडाले, वर आले,
एका नटीशी अबोला धरला
तो तिच्या मयतीला जाऊन सोडला.

आता साल्मियाच्या दिवाणियात, एसीखाली गुडघ्यांवर शाल,
आणि कुणी विचारो न विचारो, अकरावा भाग :
मौधी दारात उभी,
नवऱ्याचं जहाज मोत्यांवरून परतलेलं नाही.
ती कंदील विझवत नाही. एवढंच.
गेल्या वर्षी त्यात वारा आला.
यंदा एक मांजर आलंय.

पोरं माझ्याकडे वळतात : खरं का, चाचा?
तो भाग पाहिलेला मीच एक उरलोय.
पुसलेलाही मीच.

"तांबूस होतं मांजर," मी म्हणतो.

उस्ताद थांबतात. बराच वेळ.
मालिका काळी-पांढरी होती.

"तांबूसच," म्हणतात,
आणि दल्ला उचलून
माझा फिंजान स्वतः भरतात.