शहाऐंशी

हे यंत्र समुद्रसपाटीवरून आलंय.
कारखान्यातून निघतानाच कुणीतरी त्याच्या कानात सांगून ठेवलंय
की नव्वदच्या खाली माणूस संकटात असतो.
इथे पोतोसीत नव्वदच्या खाली माणसं
लग्नात नाचतात, चढ चढतात, भांडतात.
म्हणून रोज सकाळी हात धुवायच्या आधी
मी त्याची धोक्याची रेघ खाली ओढते.
इथं असंच असतं, बाबा, म्हणते त्याला.

फोर्तुनातो कोल्के, तुमचा आकडा शहाऐंशी.
काल संध्याकाळी खाटेच्या कडेवर बसून तुम्ही विचारलंत,
"झोपल्यावर मला हवा कमी पडली
तर तुम्हाला कळणार कसं?"
बोटाला चिमटा लावते, मी म्हटलं, तो सांगतो.
तुम्ही बोट दिव्यापुढे धरलंत:
नखाच्या कडेला एकतीस वर्षांचं जस्त आणि शिसं.
"हे बोट खोटं बोलतं, डॉक्टर.
पत्त्यांतसुद्धा."
मग कार्बाइडच्या दिव्याचं सांगितलंत.
खाणीत हवा बिघडली की ज्योत आधी खुजी होते,
मग पिवळी,
मग माणूस.
पुढचं क्रियापद तुम्ही घातलं नाहीत.

आज ते नख मी स्वतः घासलं, लिंबाच्या फोडीनं.
आणि दुसरा चिमटा कानाच्या पाळीला. साक्षीदार दोन बरे.

आता तुम्ही डाव्या कुशीवर.
उजवं फुप्फुस मी मिटवून ठेवलंय,
सगळा संसार डाव्यावर.
आयावीरी क्षयानं पोखरलेला वरचा भाग सोडवतायत,
चिकटलंय, पुटपुटतात, फार जुनं चिकटलंय.
मी पडद्याकडे बघत नाही. ऐकते.
प्रत्येक ठोक्याला एक टिंब आवाजाचं,
रक्त भरलेलं असलं की उंच,
ओसरू लागलं की बसकं.

सत्त्याण्णव. त्र्याण्णव.
रेमेदिओस लेकाच्या बुटांबद्दल सांगत होती, ती थांबते.
एकोणनव्वद.
इथवर तर आम्ही सगळेच राहतो.
चौऱ्याऐंशी.
नळी जागेवर आहे. कफ ओढून काढते.
एकोणऐंशी.
चिमटा सरकला असेल, ही आशा
आम्ही सगळे आधी धरतो, मीही धरली.
कानाचा चिमटा तेच म्हणतो.
म्हणजे बोट खरं बोलत होतं.

"हात बाहेर काढा."
"दोन मिनिटं, नीएवेस."
"आत्ता."
चौदा वर्षांत असं मी त्यांना दोनदाच म्हटलंय.
पहिल्यांदा उशीर झाला होता.

पिशवी दाबते.
पडद्यापलीकडे फुप्फुस उघडतं,
राखाडी, काळ्या ठिपक्यांचं,
आधी कडेला, मग मधे ओलसर गुलाबी.
आकडा मात्र हलत नाही.
रक्ताला तिथून बोटापर्यंत चालत यावं लागतं
आणि यंत्राला विश्वास ठेवायला वेळ लागतो.
तेवढ्या वेळात आयावीरी हात छातीशी धरून उभे,
कुणाचं तरी बाळ धरायला दिल्यासारखे.

मग एक टिंब किंचित वर.
मग खरंच वर.

पुढचं काम आम्ही बटाट्याच्या भावासारखं घासाघीस करून केलं:
पाच मिनिटं त्यांची, एक माझी.
टाके पडले तेव्हा चार वाजून गेले होते
आणि माझा पाठीचा कणा कुणीतरी उसना नेला होता.

परवा वॉर्डात तुमचं यंत्र किंचाळत होतं.
सान्ता क्रूझहून आलेली नवी नर्स धावत सुटली,
खालच्या मैदानातली पोर, तिला शहाऐंशी म्हणजे मरण.
मी रेघ खाली ओढली. तिला खुर्ची दिली.

"ज्योत पिवळी झाली होती का?" तुम्ही विचारलंत.
जरा, मी म्हटलं.
"मग हा चिमटा दुसऱ्या हाताला लावा,
याच्यानं पत्ते पिसता येत नाहीत."

पहिला डाव मी हरले.
दुसऱ्याला रेमेदिओस बसली,
पण त्याआधी तिनं तुमची बोटं
एकेक करून बघून घेतली.